आभार मानायचे नाहीत असं झाड

पोलंडमधल्या राडोम शहरातल्या त्या चार मजली इमारतीत गेनियाबाईंनी केली तशी ऑर्किडची सेवा कुणी सख्ख्या सासूचीही केली नसेल. पाणी उकळून गार करून घालायच्या. थंडी बाधू नये म्हणून कुंड्या खोली तापवणाऱ्या रेडिएटरवरच्या खिडकीत ठेवायच्या. कुणी कुंडी भेट दिली तर तोंडातून आभाराचा शब्द काढायचा नाही, काढला की झाड वाळलंच, हा तिथला सगळ्यांचा नेमही त्यांनी कधी मोडला नव्हता. पण फूल येईल तर शप्पथ!

आणि समोरच्या दारातली लुत्सीना? कपातला उरलासुरला चहा ओतायची बया, तरी दर हिवाळ्यात तिची खिडकी लगडलेली. येणारा-जाणारा म्हणायचा, "लुत्सीनाबाई, हाताला गुण आहे हो तुमच्या!" ते ऐकून गेनियाबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

नोव्हेंबरात लुत्सीनाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. आपली लाडकी पांढरी कुंडी घेऊन ती दारात आली. "गेनियाबाई, तुमच्याशिवाय कुणाच्या भरवशावर सोडू हिला?"

"ठेवा की. पोरीसारखी जपेन."

दार लागलं आणि पोरगी गेली मागच्या काचबंद बाल्कनीत, आंबवलेल्या कोबीच्या बरणीशेजारी. तिथे स्वेटरशिवाय जाववत नसे. पाणी आठवलं तर. आपण होऊन मारायची नव्हती हो. पण मेलीच, तर देवाची मर्जी!

जानेवारीत कोबी काढायला गेल्या, तर काय! कुंडीला दोन दांडे, कळ्यांनी वाकलेले. गेनियाबाई मटकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे मेलीला गारठाच हवा होता. आणि मी माझ्या पोरी शेकत बसले!" मोडून टाकावेत म्हणून हात पुढे केला, पण मोडवेना.

लुत्सीना काठी टेकत परतली तेव्हा सगळी फुलं उमलली होती. तिचे डोळे भरून आले. "अगं बाई! माझ्याकडे कधी दोन दांडे आले नाहीत हिला. हिला तुमचाच लळा. ठेवा, आता ही तुमची. हरले बाई मी तुमच्यापुढे!"

जिन्यात शेजारणी थांबल्या होत्या. हेच ऐकायला गेनियाबाईंचे कान किती वर्षं आसुसले होते! पण शेजारणी बघत होत्या लुत्सीनाकडे. "केवढं मन बाई हिचं," एक पुटपुटली. हरतानाही बयाच मोठी ठरली.

"आभारी आहे," गेनियाबाई म्हणाल्या.

लुत्सीनाचा चेहरा उतरला. "अहो, असं काय बोलता! वाळेल ना ती!"

गेनियाबाईंनी कुंडी पोटाशी धरली आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं, "फार फार आभारी आहे."