फराळाची सावड

मला राग पटकन येतो. आमच्या कॉलेजातली मुलं म्हणतात, मॅडम चिडल्या की बंद पडलेला प्रोजेक्टरसुद्धा घाबरून चालू होतो. म्हणू देत बापडी. पण त्या वर्षीच्या टीमचा विषय निघाला की माझा आवाज अजूनही चढतो, आणि तो रागानं चढत नाही.

आमचं व्यवस्थापनाचं कॉलेज महामार्गाला लागून आहे. दुसऱ्या वर्षी मुलांना एखाद्या खऱ्या धंद्याचे सल्लागार व्हावं लागतं. त्याची अडचण शोधायची, उपाय सुचवायचा, करून बघायचा आणि शेवटी परीक्षकांपुढे मांडायचा. बहुतेक जण पुण्यातला एखादा कॅफे नाहीतर मोबाईलचं दुकान धरतात. मी भोरची. त्यामुळे एका तरी टीमला मी मुद्दाम डोंगराकडे ढकलते. त्या वर्षी ढकललं वेल्ह्यातल्या एका बचत गटाकडे.

गटातल्या बायका चकल्या, कडबोळी, अनारसे करायच्या. जागा म्हणजे ग्रामपंचायतीची एक रिकामी खोली. ती खोली आता गावातल्या पोरांना व्यायामशाळेसाठी हवी होती. पंचायतीनं बायकांना सरळ सांगितलेलं, दिवाळीत धंदा दिसला तर खोली तुमची, नाहीतर किल्ली परत करा. गटाच्या अध्यक्षबाई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम, खोली गेली तर आमी परत आपापल्या चुलीपाशी. मग कसला गट आन् कसलं काय."

टीममध्ये चार पुण्याची मुलं आणि एक आंबवड्याकडची मुलगी. ती वर्गात तोंड उघडायची नाही. इंग्रजी अडखळतं म्हणून बाकीचे तिला मोजत नव्हते. मीच तिला त्यांच्या गळ्यात मारली होती. टीमचा म्होरक्या मात्र बोलण्यात पटाईत. त्यानं पुण्यातल्या एका मोठ्या दुकानाकडून दिवाळीच्या फराळाची भली थोरली ऑर्डर मिळवली. नसरापूरला उतरून वडापच्या, म्हणजे माणशी भाड्याच्या जीपमध्ये कोंबून घेत ही पोरं वर जायची, ती त्या दिवशी नाचतच गेली असतील. त्यांनी नीट विचारलंसुद्धा होतं, की शेतीच्या कामांची अडचण येईल का? तुमची भातकापणी कधी? बायका म्हणाल्या, "दिवाळी झाली की."

यात खोटं काही नव्हतं. तिकडं वर्षानुवर्षं असंच म्हणतात. दिवाळी झाली की विळे काढायचे. पण त्या वर्षी अधिक महिना होता, दिवाळी चांगली लांबली होती. दिवाळी लांबली म्हणून भात थोडंच थांबतंय! बायकांनी सवयीनं सांगितलं, पोरांनी ते खरं धरलं, आणि मी, भाताच्याच मुलखातली, मान डोलावून त्यांच्या आराखड्यावर सही केली.

मग फराळाची तळणी ऐन भरात आली आणि खाचरात भात पिवळं होऊन लवंडायला लागलं. वर आभाळ भरून येत होतं. भिजलं तर लोंबीवरच मोड येणार. बायका एकेक करून कढईपुढून उठल्या आणि शेतात गेल्या. म्होरक्याचा फोन आला, "मॅडम, खोलीत फक्त अध्यक्षबाई आहेत. आता काय करायचं?"

मी त्याला नको नको ते बोलले. गाडी काढली आणि तडक वर गेले. खोलीत भाजणीची पोती, तेलाचे डबे, आणि एकट्या अध्यक्षबाई सोऱ्या हातात धरून बसलेल्या. डोळे लाल. म्हणाल्या, "कुणाला बोलू मॅडम? वर्षाचं खाणं हाय त्यांचं रानात. माझं बी हाय." पोरं भिंतीला टेकून उभी. कुणी म्हणे मुदत वाढवून मागू, कुणी म्हणे मजूर लावू. मजूर कुठले? सगळा मुलूख एकदमच कापणीला लागलेला.

तेव्हा ती आंबवड्याची मुलगी बोलली. पहिल्यांदाच बोलली, आणि आपल्या बोलीत. "आमी जातो की रानात. तुमी हितं तळा."

अध्यक्षबाई रडता रडता हसल्या. "ह्या पोरांच्या हातात विळा देऊ? भात ऱ्हाईल आन् बोटं तुटतील!"

"कापाय मी हाय. ही पोरं भारे वाहतील, झोडतील. वर्गातली आनखी बोलावते."

"आन् फुकट राबवून घेऊ व्हय गं तुमास्नी? न्हाई जमायचं."

"फुकट कुठं? सावड हाय ही. आज आमी तुमच्याकडं, उद्या तुमी आमच्याकडं."

सावड म्हणजे काय हे मी त्या चौघांना तिथंच समजावलं. तुझ्या शेतात मी राबायचं, माझ्या शेतात तू, दोघांत पैशाची बात नाही. अध्यक्षबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. पर फेडून घ्यायची हां पोरी. बुडवायची न्हाई."

अहो, काय दिवस होते ते! निम्मा वर्ग वर आला. कडक इस्त्रीचे शर्ट, पायात पांढरे बूट, डोक्यावर भाताचे भारे. म्होरक्या दोनदा बांधावरून घसरून चिखलात बसला, तर गावातल्या म्हाताऱ्या पदरात तोंड घालून हसत होत्या. गटातल्या बायकांचे नवरेही मग लाजून लवकर रानात यायला लागले. आणि पुढं ती मुलगी, कमरेत वाकलेली, सपासप कापत चाललेली. बाकीचे तिच्यामागं, ती सांगेल ते ऐकत. खोलीत बायका परतल्या होत्या, कढया एकसारख्या तापत होत्या. आभाळ कोसळलं त्याच्या आधी भात घरात आलं होतं, आणि वसुबारसेच्या आत फराळ टेम्पोत चढला. किल्ली अध्यक्षबाईंच्या कमरेलाच राहिली.

परीक्षकांनी नाक मुरडलं. भात कापणं ही काय सल्लागारी झाली का, म्हणाले. मी उभी राहिले आणि जे बोलायचं ते बोलले. मार्क बरे पडले.

पुढच्या पावसाळ्यात त्या मुलीची एका चांगल्या कंपनीत शेवटची मुलाखत ठरली. आदल्या दुपारी तिचा फोन. "मॅडम, मी येत न्हाई. लावणी हाय. रोपं पार वर आलीत, माणूस मिळत न्हाई, आन् आई एकटी." वडील नाहीत तिला. मी समजावलं, ओरडले, शेवटी फोन आपटला. मग काय सुचलं कोण जाणे, अध्यक्षबाईंना फोन लावला आणि सगळं ओकले. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. नुसतं बरं! मी इतकी चिडले की जेवले नाही.

सकाळी उठून मीच आंबवड्याला निघाले, पोरीला कान धरून गाडीत घालायला. पोहोचले तर बांधापाशी टेम्पो उभा. खाचरात वेल्ह्याच्या बायका ओळीनं वाकलेल्या, डोक्यावर पावसाची इरली, गाणं चालू. गुडघाभर चिखलात त्यांच्याबरोबर आमचा म्होरक्याही होता. अध्यक्षबाईंच्या फोनवर सुट्टी टाकून आलेला, आणि रोप उलटं धरतो म्हणून शिव्या खात होता. मुलगी बांधावर उभी राहून नुसती बघत होती. तिची आई माझ्याकडं बघून म्हणाली, "मी न्हाई वो बोलावलं कुणाला."

अध्यक्षबाईंनी मान वर केली. "ए पोरी, उभी काय ऱ्हायलीस? पाय धू, चांगली कापडं घाल आन् जा. तुझी सावड हाय ती."

तिनं पाय धुतले. गाडीत बसली. नसरापूर मागं पडेपर्यंत ती रडत होती आणि मीही रडत होते. मग तिनं डोळे पुसले आणि मुलाखतीत बोलायचं ते मला बोलून दाखवायला लागली. इंग्रजी अजूनही अडखळत होतं, पण ती थांबत नव्हती. सल्लागार म्हणून काय केलंस असं विचारलं तर काय सांगशील, असं मी विचारलं.

"सांगेन," ती म्हणाली, "की आत्ता ह्या घडीला माझे क्लायंट माझ्या आईच्या शेतात लावणी करतायत."