उंड्यांचे सुटे पैसे

डिचोलीच्या बँकेत परदेश प्रवासाचं कार्ड देताना साहेबांनी उठून माझ्याशी हात मिळवला. मी नोकरीतून निवृत्त झालो त्या दिवशीही कुणी इतक्या आदराने हात मिळवला नव्हता. कार्डावर सोनेरी पृथ्वी काढलेली होती.

"जगात कुठंही चालेल," साहेब म्हणाले.

"पदेराकडे चालेल?" माझ्या बायकोने विचारलं.

साहेब हसले. ती हसली नाही. रोज सकाळी भोंपू वाजवत पदेर सायकलवरून पाव घेऊन गेटावर यायचा, आणि त्याच्याकडचे उंडे, ते कडक गोल पाव, तीच घ्यायची, स्वतःच्या बटव्यातून पैसे देऊन. लग्न होऊन आली तेव्हापासून ते काम तिने माझ्याकडे एकदाही दिलं नव्हतं.

आम्ही लिस्बनला मुलीकडे निघालो होतो. जावई पेडण्याचा; पोर्तुगीज पासपोर्ट काढून तिकडे गेला आणि तिथलाच झाला. आमची घाई वेगळ्या कारणाने होती. बायकोच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांचं सगळं सांगून झालं होतं. तिला ते ठाऊक होतं, मुलीलाही ठाऊक होतं, आणि फोनवर दोघी हवापाण्याच्या गोष्टी करत होत्या. मला मात्र तिने सांगून ठेवलं होतं, "आपल्या बायच्या घरात एक दिवस तरी माझ्या पैशांचे उंडे येऊदेत. मग झालं."

मोपाच्या विमानतळावर पैसे बदलून देणाऱ्याने 'कमिशन शून्य' अशी मोठी पाटी लावली होती. भाव बारीक अक्षरांत होता. तो वाचला की शून्याचा अर्थ कळत होता. आम्ही पुढे गेलो.

लिस्बनमधल्या पैशांच्या यंत्राने तर आमचं स्वागतच केलं. पैसे रुपयांत कापू का, असं त्याने अदबीने विचारलं.

"बघा, आपले रुपये म्हणतोय. हो म्हणा," बायको म्हणाली.

मुलीने माझा हात धरला. "बाबा, नाही म्हणा! रुपयांत घेतलं की भाव तो ठरवतो. युरोच दाबा. आणि एकदाच काय ते जास्त काढा, दर खेपेला वेगळे पैसे कापतात."

"इतकं गोड विचारत होता मेला," बायको म्हणाली.

मुलीचा हिशेब चोख होता. स्वस्तातला स्वस्त मार्ग तिने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला: तुम्ही काहीच खर्च करू नका. दुकानात, ट्रॅममध्ये, औषधांना, सगळीकडे ती फोन पुढे धरायची. बायको बटवा उघडेपर्यंत पैसे गेलेले असायचे.

"आई, तुमच्या कार्डावर बँक काहीतरी कापतेच. मी देते ना."

"म्हणजे माझे पैसे तुझ्यापेक्षा महाग?"

"तसं नाही गे."

"मग नोटा आहेत माझ्याकडे."

"त्या राहूदेत. लागतील."

बायकोने नोटा पुन्हा बटव्यात ठेवल्या. पाव घरी फोनवरून मागवलेल्या सामानातच येत होते, प्लॅस्टिकात बांधलेले. एकदा मुलगी कामावर गेलेली असताना बायकोने पाण्याची बाटली घेऊन एक नोट मोडली. आलेली नाणी तिने उशाशी ठेवली.

चढावरच्या कोपऱ्यावर एक जुनं पावाचं दुकान होतं. ते फक्त रोख पैसे घेतात, असं जावई कुरकुरत बोलला. बायकोचे डोळे चमकले. "शहाणा माणूस आहे," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी मुलगी उठायच्या आत आम्ही दोघं बाहेर पडलो. निम्म्या चढावर बायकोला धाप लागली. एका दाराच्या पायरीवर ती बराच वेळ बसली, बटवा मुठीत धरून. मी म्हणालो, मी जाऊन आणतो. ती म्हणाली, "मग ते तुमचे उंडे होतील." उठली, माझ्या खांद्याला धरून वर आली. दुकान बंद होतं. त्यांच्या सुट्टीचा वार होता, दारावर तसा कागद होता. तिने वरची पोर्तुगीज पाटी माझ्याकडून वाचून घेतली, त्यातला आपलाच पाव हा शब्द ओळखून मान हलवली, आणि आम्ही उतरलो.

गणेशचवथीच्या आधी ती गेली. मुलगी आली, दिवसकार्य झालं. त्या दिवसांत पदेर आमच्या गेटाशी यायचा, पण भोंपू वाजवायचा नाही. नुसता उभा राहायचा.

उरलेले युरो मी म्हापशाला बदलायला नेले. बदलणाऱ्याने नोटा घेतल्या आणि नाणी बोटाने परत सरकवली. "चिल्लर आमी घेनात. ती थंयच, त्यांच्या देशांत चलता."

मुलगी परत निघाली तेव्हा मी ती नाणी घालून बायकोचा बटवा तिच्या हातात दिला.

"बाबा, मी तर फोननेच देते सगळं," ती म्हणाली. मग बटवा घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तो आपल्या बॅगेत ठेवून आली.

लिस्बनला पोहोचल्यावर काही दिवसांनी तिचा सकाळीच फोन आला. तिच्याकडे वाऱ्याचा आवाज येत होता. ती चढावर असावी.

"दुकान उघडं आहे," ती म्हणाली. "आत गरम उंडे दिसतायत. पण बाबा, हे आईचे पैसे दिले की संपतील. ठेवू?"

"दे," मी म्हणालो. "ती खर्च करायलाच आली होती."