सरळ मिशांचे सोंडे

कीटकांच्या संग्रहालयात मागच्या खोलीत काम करणाऱ्या बाईंना सगळे टाचणीमावशी म्हणत. आल्या होत्या झाडलोटीला. तेव्हाच्या प्रमुख बाईंनी त्यांचा स्थिर हात पाहिला आणि त्यात कीटक उचलायचा चिमटा दिला. त्याला आता एकतीस वर्षं झाली.

भुंगेऱ्यांच्या एका घराण्याची त्यांना माहेरच्या माणसांइतकी ओळख होती: बुरशीसोंडे. त्यात कुणी पिसवेएवढा, टुणकन उडणारा. कुणी झाडाच्या सालीसारखा ठिपकेदार. काहींच्या नरांच्या मिशा अंगाहून कितीतरी लांब. बहुतेक कुजक्या लाकडावरच्या बुरशीवर जगणारे, पण एखादा बियांत शिरणारा, तर एखादा साठवलेल्या कॉफीची वाट लावणारा.

एका सोमवारी नमुन्यांच्या त्यांच्याच दोन कपाटांमागून सात जिवंत भुंगेरे निघाले.

"सोंडे!" नवे साहेब ओरडले. "लाकूड पोखरतात. दोन्ही कपाटं बाहेर काढा आणि जाळा. शुक्रवारी माणसं बोलावतो."

मावशी कपाटांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कपाटं म्हणजे नुसतं लाकूड नव्हतं. आतले खण लाकडातच बसवलेले, उचलून हलवले की शंभर वर्षांपूर्वीच्या कीटकांचे नाजूक पाय मोडणार.

"साहेब, एकदा बघू द्या."

"मावशी, जीव अडकलाय तुमचा, कळतं मला. पण..."

"जिवाचं राहू द्या. मिशांचं बघते."

भिंगाखाली त्यांनी एकेक भुंगेरा उलटासुलटा केला. खऱ्या सोंड्याची सोंड लांब आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. यांचं तोंड आखूड, रुंद, मिशा सरळ. सातही तसेच. म्हणजे बुरशी खाणारे. मग बुरशी कुठे आहे? आणि बुरशी म्हणजे कुठेतरी ओल.

मावशींचे धाकटे दीर नळकाम करत. त्यांना फोन केला. एक कपाट अलगद, चारच बोटं पुढे सरकवलं, तर मागची भिंत बुरशीने काळी पडलेली आणि कपाटाची पाठची फळी भिजून मऊ झालेली.

"वहिनी, हा पाइप बरेच महिने रडतोय," दीर भिंतीवर टकटक करत म्हणाले. "आणि तुम्ही सगळे कपाटाला रागावताय!"

मावशींनी साहेबांना हाताला धरूनच आणलं. साहेबांनी भिंत पाहिली, भिंगातून मिशा पाहिल्या, पुन्हा भिंत पाहिली.

"पण आतले नमुने?"

"वाळलेले आहेत. बुरशी धरली नाही तर हे त्यांच्या वाटेला जात नाहीत. पुढचा अख्खा महिना रोज उघडून बघीन."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "शुक्रवारच्या माणसांना नको म्हणून सांगतो. सुताराला बोलावू. मावशी, मी जरा घाईच केली."

पाइप बदलला, भिंत वाळली, कुजकी फळी तेवढी गेली. महिनाभरात खणांतल्या कीटकांचा एकही पाय मोडला नव्हता. शेवटच्या दिवशी तपासणी संपवून मावशी स्टुलावर बसल्या, ग्लासभर पाणी एका दमात प्यायल्या आणि एकट्याच खुदकन हसल्या. त्या संध्याकाळी ताटात दुसऱ्यांदा भात वाढून घेतला, तेव्हा नवरा म्हणाला, "चला, महिन्याभराने भूक लागली एकदाची!"