जुन्या बागेचा आराखडा आणि अनगोळकर

ड्राफ्ट्समन म्हणून बेळगावात नोकरी केली. नकाशे ऑफिसात जमा झाले, किस्से मात्र माझ्याबरोबर घरी आले. त्यातले निम्मे एकाच बागेचे. ऐंशीच्या सुमाराला अनगोळजवळच्या एका जुन्या बागेची देखभाल कशी करायची, याचा आराखडा करायचं काम आमच्याकडं आलं. दगडी कमान, चिंचेची झाडं, मधोमध पायऱ्यांची विहीर. वरून हुकूम होता, "लोकांना विचारून करा." लोकांना कसं विचारतात, हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं!

आम्ही कमानीवर इंग्रजीत नोटीस लावली. आठ दिवसांत एकच माणूस आला. म्हणाला, "सायेब, लिलाव कवा हाय?"

*

मग दवंडी दिली. शाळेचं पटांगण भरलं. मी नकाशा टांगला. भाजी विकणाऱ्या गंगाक्का जवळ येऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यात आमची वाट कुठं हाय रं?"

"आक्का, बागेतून वाट नाही."

"न्हाय कशी? रोज डोक्यावर बुट्टी घिऊन तिथनंच बाजाराला जातो की."

आमचे साहेब धारवाडचे. मराठी तोडकं, माणूस सरळ. ते उठले, "नडीरी, चला, बघून येऊ." अख्खी सभा त्यांच्यामागं बागेत गेली. वाट होती. दगड झिजून गुळगुळीत झाले होते. त्याच दिवशी मी ती शाईनं नकाशात काढली.

*

पाटी मराठीत की कन्नडात, यावर एक पूर्ण बैठक गेली. आवाज चढले, दोघं उठून निघालेसुद्धा. तेव्हा गंगाक्का म्हणाल्या, "मला दोन्ही वाचाय येत न्हाई. माझ्यासाठी बाण काढा."

निघालेले दोघं हसत परत येऊन बसले. पाटीवर दोन्ही भाषा आल्या, वर मोठा बाण.

*

साहेबांनी बाग पाचला बंद करायचं सुचवलं. विणकर बसाप्पा म्हणाले, "माग सहाला थांबतो. बाग काय कबुतरांसाठी व्हय?"

साहेबांनी आठ लिहिले. "पण कुलूप कोण लावणार?"

"मी लावतो की."

पुढं कित्येक वर्षं त्यांनीच लावलं. आत कुणी राहिलंय का म्हणून आधी हाका मारत फिरायचे.

*

शेवटची बैठक विहिरीची. गाळ काढायचा आणि मुलं पडू नयेत म्हणून वरून लोखंडी जाळी मारायची, असं जवळपास ठरलं होतं. मागं लक्ष्मणआप्पा उठले. जन्म खाणीवर दगड फोडण्यात गेलेला, मुलगा आता निपाणीला मास्तर.

"ह्या पायऱ्या माझ्या आज्यानं घडवल्यात," ते सावकाश म्हणाले. "घडवून झाल्यावर आमच्या वस्तीतल्या कुणाला खाली उतरू दिलं न्हाय. उतराय मिळालं तवर हीर गाळानं भरली. आता गाळ काढताय, तर जाळी मारू नगा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी जाळी खोडली आणि काठाला कठडा काढला.

उद्घाटनाला पाहुण्यांचं भाषण चालू असताना लक्ष्मणआप्पा उठून विहिरीकडं गेले. साहेब काळजीनं मागोमाग, त्यांच्यामागं मी. आप्पा भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरले, वाकून ओंजळभर पाणी प्याले आणि तिथंच बसून राहिले. मग वर बघून म्हणाले,

"साधंच पाणी हाय की ओ, सायेब."