एकसष्टचा रकाना

वसईजवळच्या आमच्या गिरीज गावात कुणाला फॉर्म भरायचा असला की माणसं माझ्याकडे येत. रेशनकार्ड, पासपोर्ट, पेन्शन, चर्चमधल्या लग्नाचे कागद, काहीही. मी मराठी शाळेत शिक्षक होतो, अक्षर बरं होतं, आणि निवृत्तीनंतर सकाळ मोकळी असे. माझा नियम एकच होता: रिकामा रकाना म्हणजे परत आलेला फॉर्म. लागू नसेल तिथं ‘लागू नाही’ लिहा, पण जागा मोकळी सोडू नका. या नियमाचा मला अभिमान होता. नातीचं नुकसान मी केलं ते याच नियमापायी. नंतर जे खोटं बोललो त्याचं खापर मात्र कुठल्याच नियमावर फोडता येत नाही.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नात बारावीला होती. बंगळूरकडच्या एका खाजगी विद्यापीठात तिला लेखन शिकायला जायचं होतं. तिथं प्रवेश मुख्यतः निबंध आणि मुलाखतीवर मिळत असे. देशभर होणाऱ्या एका प्रवेश परीक्षेचा स्कोअर कळवायचा की नाही, हे उमेदवारावर सोडलेलं होतं. परीक्षा तिनं दिली होती, पण माझी बायको, म्हणजे तिची आजी, गेल्यावर आठच दिवसांनी. तो स्कोअर द्यायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. मला हे माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

निबंध मात्र तिनं मला वाचून दाखवला होता. आमच्या वाडीतल्या बावखलावर, म्हणजे केळीच्या मागे असलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर, तो लिहिलेला होता. आजी त्या तळ्याला घरातल्या माणसासारखी जपायची. कुणाला तिथं साबण लावू द्यायची नाही. शेजारच्या वाडीतलं बावखल मातीच्या गाड्या ओतून बुजवलं, तेव्हा ती दोन दिवस त्या बाजूला फिरकली नव्हती. निबंध इंग्रजीत होता आणि माझं इंग्रजी बेतास बात. तरी ऐकताना मला उठून बाहेर जावं लागलं.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी तिची बारावीची प्रॅक्टिकल होती. सगळा अर्ज भरून झाला होता, फक्त फोटो राहिला होता. तो आकाराने मोठा होता, म्हणून संगणक तो घेईना. निघताना दारातूनच ती म्हणाली, “आजोबा, तुमच्या त्या स्टुडिओवाल्याकडून फोटो लहान करून आणा, अपलोड करा आणि सबमिट दाबा. बाकी कशाला हात लावायचा नाही हां. कागद दिसला की मास्तर लोकांच्या हाताला खाज सुटते.”

“जा गं बाय, पासपोर्ट काढून दिलेत मी लोकांचे,” मी म्हणालो.

फोटो चढला. मग सवयीनं मी अर्ज वरपासून खालपर्यंत तपासला. एक रकाना रिकामा होता, प्रवेश परीक्षेच्या स्कोअरचा. बाजूला बारीक अक्षरांत ऐच्छिक असं इंग्रजीत लिहिलं होतं. आमच्या शाळेत ऐच्छिक प्रश्न हुशार मुलं आधी सोडवायची. तिच्या फाइलमध्ये निकालाचा कागद सापडला. त्यावर एकसष्ट होते.

एकसष्ट! माझ्या काळात साठाच्या वर म्हणजे फर्स्ट क्लास. माझ्या धाकट्या भावाला एकसष्ट टक्के पडले तेव्हा घरोघरी पेढे गेले होते. आजीला पुरून आठ दिवस झालेले असताना पोरीनं फर्स्ट क्लास मिळवला आणि लाजून लपवून ठेवला, असं मला वाटलं. मी रकाना भरला, कागदाची प्रत जोडली आणि सबमिट दाबलं. संध्याकाळी ती आली. “झालं?” तिनं विचारलं. “झालं,” मी म्हणालो. एकसष्टचं काही बोललो नाही. निवड झाली की सांगू, तिला गंमत वाटेल, असा विचार होता.

मुलाखत संगणकावरच झाली. ती आतल्या खोलीत, मी ओट्यावर. अर्ध्या तासानं ती बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली.

“स्कोअर एवढा कमी कसा, म्हणून विचारलं त्यांनी.”

“एकसष्ट कमी?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“आजोबा, ते टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे. म्हणजे शंभरात एकोणचाळीस पोरं माझ्या पुढे.” मग ती म्हणाली, “पण त्यांना कळलं कसं? मी तर दिलाच नव्हता.”

बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, “आता सगळं आधारला जोडलेलं असतं ना. त्यांचं त्यांना दिसत असेल.”

तिला ते पटलं. आजकाल कुणालाही पटेल असंच ते होतं.

महिन्याभरानं नकार आला. कारण दिलेलं नव्हतं. मी भरलेल्या स्कोअरमुळेच नकार आला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नातीनं तिच्यापुरतं कारण शोधलं. “स्कोअर तर ऐच्छिक होता आजोबा, त्यानं काय होणार? निबंधच फालतू असणार माझा,” ती म्हणाली. तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही. तिनं विरारच्या कॉलेजात कॉमर्सला नाव घातलं. आता अंधेरीला एका विमा कंपनीत आहे. वह्या माळ्यावर गेल्या. चर्चच्या अंकासाठी लेख मागायला मुलं आली की ती हसून सांगते, “मला लिहिता येत नाही रे, दुसऱ्या कुणाला तरी विचारा.” दर वेळी मी घरातच असतो आणि ते ऐकतो.

नाताळ आणि ईस्टरच्या आधी मी पापनिवेदनाला जातो. चार वर्षं मी फादरांना एवढंच सांगत आलो, “खोटं बोललो.” कुणाशी बोललो, कशाबद्दल बोललो, ते नाही. गेल्या ईस्टरला नवे फादर होते. त्यांनी विचारलं, “हे खोटं दर वेळी नवं असतं, की तेच?” “तेच,” मी म्हणालो. “मग बाबा, मला किती वेळा सांगणार? ज्याच्याशी बोललात त्याला सांगा.”

तरी मला तोंडानं सांगता आलं नाही. अंकासाठी माझ्याकडे आठवणी मागितल्या होत्या, म्हणून हे इथवरचं लिहून काढलं आणि छापायला देण्याआधी, एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर, तिच्या हातात दिलं. ती ओट्यावर बसून वाचत होती. मी उगाच केळीची वाळकी पानं काढत राहिलो.

वाचून झाल्यावर तिनं कागद नीट जुळवले. मग म्हणाली, “तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. स्कोअर कमी का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मी स्कोअर कळवलेलाच नाही. त्यांनी स्क्रीनवर बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं. माझ्या अर्जात माझ्या नावानं तो होता, आजोबा. मी त्यांच्यासमोर खोटारडी ठरले. आणि का, ते मला आज कळतंय.”

मी माफी मागितली. तिनं ‘असू दे’ म्हटलं नाही, आणि म्हणायलाही नको होतं. “चार वर्षं, आजोबा,” एवढंच म्हणाली आणि कागद घेऊन आत गेली.

तिसऱ्या दिवशी ते कागद माझ्या टेबलावर परत आले होते. त्यांवर पेन चाललेलं होतं, लाल नाही, निळं. दोन ठिकाणी. आजी बावखलावर कपडे धुवायची, असं मी लिहिलं होतं. ते खोडून तिनं लिहिलं होतं, ‘कुणाला तिथं साबण लावू द्यायची नाही.’ ते खरं आहे. मी विसरलो होतो. वर छापलेलं वाक्य तिचं आहे.

दुसरं शेवटी होतं. माझा हेतू वाईट नव्हता, असं मी लिहिलं होतं. त्यावर तिनं एकच सरळ रेघ मारली आहे. त्या जागी काही लिहिलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही.