चांगल्या किडनीचा तुकडा

माझ्या सासूबाई, नलूबाई, देवळीच्या बाजारात सोयाबीन विकायला स्वतः जातात. घरातले पुरुष भिडस्त आहेत असं त्यांचं मत आहे आणि ते खरंही आहे. पोतं भरताना निवडलेला टपोरा दाणा त्या वर ठेवतात. व्यापारी वानगीचा मूठभर माल काढायला वाकला, की त्याच्याआधी यांचा हात पोत्यात. "हे पाह्य, मोती हाये मोती!" व्यापारी काही दूधखुळे नसतात, ते कोपरापर्यंत हात खुपसतात. मग भांडण होतं. त्यात हरून आलेल्या सासूबाई मी अजून पाहिल्या नाहीत.

अशा बाईच्या धाकट्या सुनेला, म्हणजे माझ्या जावेला छायाला, गेल्या वर्षी ल्युपस निघाला. आधी सांधे धरले, मग गालांवर लाल चट्टे उठले, मग लघवीला फेस यायला लागला आणि पाय सुजले. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की रोगाशी लढणारी अंगातली शक्तीच या आजारात आपल्या अंगावर उलटते.

"म्हंजे घरचंच कुत्रं घरच्याले चावून राह्यलं," सासूबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच. आता किडनीला किती चावलंय ते बघायचं." त्यासाठी सुईने किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासायचा होता. औषध कोणतं, किती जोराचं, ते त्यावर ठरणार होतं.

घरी येईस्तोवर सासूबाई बोटांवर कसलासा हिशोब करत होत्या. मला ते लक्षण काही ठीक वाटलं नाही.

ठरल्या दिवशी छाया भरती झाली. पालथं कसं झोपायचं, श्वास कधी रोखायचा, हे नर्स तिला शिकवत होती आणि पोरगी भीतीने पांढरीफटक पडली होती. मी तिचा हात धरून बसले, तर सासूबाई गायब! शोधत गेले. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत, दार लोटून, हलक्या आवाजात सौदा चालला होता.

"मी काय म्हंते बाई, तुकडा माह्या किडनीचा घ्या. पासष्ट वर्सं झाले, एक दिवस दुखली नाई. वरतं नाव छायाचं लिवा. रिपोट कसा झकास येईन!"

मला हसू आवरेना आणि लाजही वाटली. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "आजी, तुमचा तुकडा घेतला तर रिपोर्ट छानच येईल. मग मी छायाला म्हणेन, तुला काही झालेलं नाही, घरी जा. औषध देणार नाही. आणि तिच्या दोन्ही किडन्या जातील."

सासूबाईंनी जन्मभर चांगला माल दाखवून भाव मिळवला. इथे चांगला दाखवला तर पोर हातची जाणार, हे त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. मला त्यांची फार दया आली. शेवटी त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"मंग जिथं सगळ्यात खराब असन, तिथलाच घ्या. अन् एकच नका घेऊ, दोन घ्या."

"दोनच घेतो आम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आठवड्याने रिपोर्ट आला. सूज बरीच होती, सहा वर्गांपैकी चौथ्या वर्गातली. पण कायमचे व्रण थोडेच होते. जड औषधं लगेच सुरू केली तर किडन्या वाचण्याची चांगली आशा होती. छाया रडली, मीही रडले. सासूबाईंनी "थोडेच ना?" असं तीनदा विचारून घेतलं.

परतताना बसमध्ये छाया हळूच म्हणाली, "आई, तुमी माह्यासाठी तुकडा देऊन राह्यल्या होत्या म्हंते?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. चुगली माझीच होती.

"तुकडा काऊन?" सासूबाई खेकसल्या. "गोळ्या चुकवल्या तं पाह्यजो! अन् गरज पडलीच, तं अख्खी देईन."