पाखरीचा रामराम

कळंबच्या सोपानला माणसांचं भारी वेड. कालव्याच्या कडेला त्याचा भाजीचा मळा. वांगी, गवार, मिरची असं काहीबाही बारमाही पिकायचं. पाखरी घोडीवर बसून तो गावाबाहेर पडला, की घटकाभराच्या वाटेला दुपार व्हायची. घोड्यावर बसून वडीलधाऱ्याला रामराम घालायचा नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. पिकल्या मिशांचा कुणी वाटेत उभा दिसला आणि त्यानं हात वर केला, की सोपान लगाम खेचून खाली उतरायचा. पायाला हात लावायचा. गुरांची, पोरांची, विहिरीच्या पाण्याची चौकशी करायचा आणि मग पुन्हा मांड ठोकायचा.

पाखरीनं हे सगळं बघून बघून पाठ केलं. पुढंपुढं लगामाची गरजच उरली नाही. म्हातारा माणूस, डोक्याला पटका, वर केलेला हात, एवढं दिसलं की ती चारी पायांवर खुंटासारखी उभी राहायची.

एरवी यात कुणाचं काय बिघडत होतं? बिघडलं ते निरवांगीच्या जत्रेत.

जत्रेला माळावर घोड्यांची शर्यत लागे. ज्याची घोडी त्यानंच बसायचं, भाड्याचा स्वार चालत नसे. पहिल्या आलेल्या घोड्याला झूल घालून संध्याकाळी पालखीपुढं चालवत, आणि दारोदारच्या बाया त्याच्या पायांवर पाणी घालत. सोपानची बायको शकुबाई निरवांगीचीच. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, की आपल्या आईनं दारात उभं राहून आपल्या घरच्या घोडीच्या पायांवर पाणी घालावं. म्हातारीचं आता वय झालं होतं आणि पाखरीच्याही तोंडात कोवळे दात उरले नव्हते.

छत्तीस साली पाखरी माळावरून अशी सुटली, की मागच्यांना धुळीशिवाय काही दिसेना. चुन्याच्या रेघेपाशी घोंगडीवर हिंदुराव तात्या बसले होते, जत्रेचे कारभारी. पहिला घोडा आला की उठून हात वर करायचा, हे त्यांचं काम. ते त्यांनी केलं. पाखरी रेघेच्या अलीकडं थांबली. सोपान तिच्या मानेवर आदळला. मागून बारामतीच्या झुंबरचा काळा घोडा सुसाट निघून गेला.

झुंबर हसून म्हणाला, "सोपानराव, घोडी लई संस्काराची हाय. तिला शर्यतीला कशाला आणता, सोयरीक जुळवायला न्या."

दुसऱ्या साली सोपाननं तिच्या डोळ्यांना बाजूनं कातडी पट्ट्या बांधल्या. पण तात्या समोरच उभे राहत, बाजूला नव्हे. पुन्हा तेच झालं. त्या वर्षी कुणाला हसण्याइतकंही नवल वाटलं नाही.

घरी आल्यावर शकुबाईनं पाखरीच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या सोडल्या. मग म्हणाली, "अवं, खोड तुमीच लावली, मोडायची बी तुमीच."

मग सोपाननं मोडायला घेतली. कालव्याच्या रस्त्यावर बांधाशी गेणबा आबा भेटले, हात वर केला. पाखरी थांबली. सोपाननं टाच मारली, एकदा, दोनदा. घोडी बिचकत बिचकत पुढं गेली. गेणबांचा हात तसाच वर राहिला. दुसऱ्या दिवशी सोपान मुद्दाम त्याच वाटेनं गेला, त्याच बांधाशी उतरला, आणि आदल्या दिवशीचा रामरामही घालून आला. खोड मोडण्याचं तिथंच राहिलं.

शेवटी अडतीस सालच्या जत्रेआधी तो हिंदुरावांकडं गेला आणि सगळं सांगितलं. तात्या पोट धरून हसले. शर्यत सुटली की आपण घोंगडीवरनं हलणार नाही, हात मांडीखाली दाबून बसू, असा शब्द त्यांनी दिला.

शर्यत सुटली. पाखरी पुन्हा पुढं. झुंबरचा काळा तिच्या शेपटीशी. तात्या हात मांडीखाली घेऊन बसले होते. पण घोडी जवळ आली, माळ गरजायला लागला, आणि म्हातारा गडी भान विसरून ताडकन उठला. दोन्ही हात वर करून ओरडला, "आली, माझी बाय!"

पाखरी थांबली.

सोपान सवयीनं उतरला, तात्यांच्या पायाला हात लावला आणि घोडीला चालवत रेघेपार नेलं. तोवर तिघं पुढं गेले होते. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घोडी माझ्यापायी हुकली, पंचांना सांगून तिलाच पहिली लावतो, असं ते म्हणायला लागले.

"न्हाय तात्या," सोपान म्हणाला. "काळा रेघ ओलांडून गेलाय, समद्यांनी बघितलंय. आन् तुमी बसून राहिला असता तर जत्रा कशाची?"

दिवस कलता पालखी निघाली. पुढं झूल घातलेला काळा. पण तो पळायला शिकलेला, थांबायला नव्हे. पहिल्याच दारात बाईनं तांब्या पुढं केला, वर हलगी वाजली, आणि त्यानं लाथ झाडली. तांब्या घरंगळत गटारात. दुसऱ्या दारातही तीच गत. तिसऱ्या दारातल्या बाईनं दारच लावून घेतलं.

झुंबर घामाघूम होऊन सोपानला शोधत आला. थोडा वेळ पटक्याचं टोक चाळवत राहिला. "मान माझाच," तो म्हणाला, "पण चालाय तुझी घोडी आण."

सोपानला पाठीवर घेऊन पाखरी दारोदार थांबली. हलगी कानाशी वाजत होती, तिनं कानसुद्धा हलवला नाही. सासूच्या दारात म्हातारी काठी टेकत आली. निम्मं पाणी पाखरीच्या पायांवर, निम्मं उंबऱ्यावर सांडलं. शकुबाई पदर तोंडाला लावून गर्दीत उभी होती.

फक्त एक झालं. ज्या ज्या ओट्यावर म्हातारे हात जोडायला उभे राहिले, तिथं तिथंही पाखरी थांबली, आणि सोपानला उतरल्याशिवाय राहवेना. दिवे लागले तरी पालखी निम्म्याच गावात. भोई वैतागले.

पुढल्या साली सोपान पुन्हा शर्यतीत उतरला. शकुबाईनं सकाळीच आईकडं तांब्या घासून ठेवला होता.